वीजबाबाचं निर्मळ पाणी

विट्याजवळच्या त्या गावात पाराभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. वीजबाबाने विहिरीच्या पाण्यात एक थेंब टाकला, पाणी लालजांभळं झालं. वर धरलेल्या तारेच्या टोकातून निळी ठिणगी तडतडली, बाबाने दुधी काचेची कांडी दोनदा फिरवली आणि पाणी एकदम नितळ! बायकांनी हात जोडले.

"प्लाझ्मा म्हणत्यात ह्याला, माउल्यांनो!" बाबा गरजला. "आभाळातली वीज मुठीत धरून आणलीया. इहिरीतलं इष लाल हून वर येतं आन् विजेनं जळून जातं. प्या बिनघोर!"

गावाला हवं तेच तो बोलत होता. वरच्या अंगाच्या रंगकारखान्याने सांडपाणी सोडून विहीर नासवली होती आणि टँकर आठवड्यातून एकदा यायचा. हंबीररावांची सहा वर्षांची नात राजनंदिनी त्या पाण्यापायी महिनाभर सांगलीच्या दवाखान्यात होती. "विहिरीचा थेंबही द्यायचा नाही," असं बजावून डॉक्टरांनी तिला कालच घरी सोडलं होतं.

हंबीरराव पुढेच बसले होते. सव्वीस वर्षं परमुलखात गलाईत, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, तेजाबाच्या वाफा गिळून त्यांच्या छातीचं खोकं झालं होतं. बाबाची कांडी पाण्यात फिरली की त्यांना खोकल्याची उबळ यायची. ठिणगीला नाही, कांडीलाच. तिसऱ्या खेपेला ते उठले.

"बाबा, ती कांडी जरा हिकडं द्या."

"हात लावू नगा! भस्म व्हाल!"

"निम्मा झालोयच की. ऱ्हायलेला हू दे."

त्यांनी कांडी हिसकावली. ती पोकळ होती, टोकाला बारीक भोक आणि आत पांढरी पूड. विझलेल्या आगकाडीसारखा वास, त्यानेच त्यांना उबळ येत होती. "आरं, ही तर आमच्या गलाईतली पूड! तेजाबातलं सोनं खाली बसवायला आमी हीच टाकायचो."

हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या समीना मॅडम पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या बाटलीतलं चांगलं पाणी ग्लासात ओतून त्यात बाबाचा थेंब टाकला. तेही लालजांभळं! मग ठिणगीची तार बाजूला ठेवून हंबीररावांनी नुसती कांडी फिरवली. पाणी नितळ.

"थेंब म्हणजे विहिरीत टाकतात ते लाल औषध," मॅडम म्हणाल्या. "पुडीने त्याचा रंग मारला. ठिणगी मोटारसायकलच्या कॉइलची. प्लाझ्मा खोटा नाही. प्रयोगशाळेत तो पाण्यातली असली रसायनं खरंच मोडतो, पण त्याला वेळ लागतो आणि मोडली की नाही ते तपासावं लागतं. इथे बाबाने टाकलेलाच रंग गेला. विष होतं तिथंच आहे."

लोकांनी बाबाची मानगूट धरली. हंबीररावांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांची बायको मनुबाई तोंडात पदराचा बोळा कोंबून त्यांच्याकडे बघत होती.

"आवं... सकाळी बाबानं असंच नितळ केलेलं पाणी भरून दिलं हुतं..."

"किती दिलंस पोरीला?"

"दोन तांबे. लय तानेली हुती वो."

हंबीररावांनी घर गाठून नातीला खांद्यावर टाकलं आणि मिळेल त्या जीपने सांगली गाठली.

मनुबाईला हसू नका. तहानलेल्या नातीला कोणती आजी पाणी देणार नाही? पण डोळ्याला नितळ दिसतं म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारायचं: हे पाणी कुणी तपासलं आणि त्याचा कागद कुठे आहे? त्या सकाळी गावातल्या एकाने जरी हे विचारलं असतं, तर राजनंदिनी आज पुन्हा दवाखान्यात नसती.