गोळ्यांचे वाण

पणजी रंगुबाई हिने तान्हे मूल पाठीशी बांधून लांडग्यावर कोयता उगारला होता. तिची लेक कडूबाई पुराच्या पाण्यातून बैलगाडी हाकीत माहेरी पोचली होती. कडूबाईची लेक चांगुणा हिने भर चावडीत मामलेदाराला खडे बोल सुनावले होते. आणि या चांगुणेची लेक गोजरबाई मात्र शेवगावच्या स्टँडवर, एस.टी.च्या पायरीवर एक पाय ठेवून, पौषाच्या थंडीत घामाने निथळत उभी होती.

"मावशी, चढा न्हाईतर उतरा. गाडी तुमच्या घरची न्हाई," कंडक्टर ओरडला.

गोजरबाई उतरली. नवरा रंगनाथ गाठोडे उचलून घराच्या वाटेला लागला. ही काही पहिली खेप नव्हती. काही वर्षांपूर्वी भर बाजारात एकाएकी तिच्या छातीत धडधडले, हातपाय गार पडले आणि आपण आता मरणार असे वाटले. ती मेली नाही, पण तेव्हापासून गावाची वेस तिला ओलांडता आली नव्हती. अंगारे झाले, धुपारे झाले. धास्ती हलली नाही.

जायचे होते बेलापूरला, नणंद भीमाबाईच्या लेकीच्या डोहाळजेवणाला. ते हुकले याचे दुःख होतेच. पण खरा घोर पुढच्या बाळंतपणाचा होता. गोजरबाईचा थोरला पायाळू जन्मला आणि तिच्या अंगात ताप भिनला, तेव्हा भीमाबाई आपला भरला संसार टाकून आली आणि वहिनीचा सव्वा महिना पुरा होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पडली नाही. "वन्सं, तुमच्या रतनचं बाळंतपन मी येऊन करीन," हा शब्द गोजरबाईने त्याच बाजेवरून दिला होता. शब्द म्हणजे कर्ज, आणि ते फेडल्यावाचून राहणे तिच्या कुळात कोणाला ठाऊक नव्हते.

त्याच आठवड्यात पुण्याहून डॉक्टरांचे पथक गावच्या शाळेत आले. माणसांच्या मनात धास्ती का बसते आणि कशाने उतरते, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. जाऊ बनुबाई हिने गोजरबाईला दंडाला धरूनच तिथे नेले.

"भाग घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मध्येच सोडलंत तरी कोणी रागावणार नाही."

"म्हंजी माझ्यावर परयोग करनार?"

"तुमच्या मदतीनं करणार."

"मंग असू द्या. मदत मागितली तर न्हाई म्हनायची आमच्यात रीत न्हाई."

बाईंनी फळ्यावर शिडी काढली. खालची पायरी म्हणजे निवांतपणा. वरची म्हणजे जीव घशाशी. "आज तुम्ही कुठल्या पायरीवर?"

"बाई, मी माळवदावर हाय. शिडी कवाच संपली."

वर्गात हशा पिकला. तिथे साऱ्याच धास्तीवाल्या बायका होत्या. एकीला विहिरीच्या काठाची भीती, एकीला विजेची. आक्काबाईला रात्र रात्र झोप नव्हती. "मला तर सासूची लई भीती वाटती," एक नवी सून म्हणाली.

"ती धास्ती न्हवं, ती अक्कल हाय!" बनुबाईने तिला गप्प केले. आपल्यासारख्या इतक्या जणी आहेत हे गोजरबाईला प्रथमच कळले, आणि ती घरी आली ती हसतच.

प्रत्येकीला गोळ्यांची बाटली मिळाली, कोणाची लाल टोपणाची, कोणाची निळ्या. "एकीत औषध आहे, दुसरीत नुसती पिठाची गोळी. कशात काय, ते मलाही माहीत नाही. ते पुण्यात ठेवलंय. जिची बाटली तिनंच वापरायची," असे बाईंनी बजावले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साऱ्याजणी गोजरबाईकडे जमल्या. आक्काबाई लाल टोपणवाली. तिला गाढ झोप लागू लागली होती. निळ्या टोपणवाल्यांची तोंडे उतरली. गोजरबाईची बाटलीही लालच होती. पण तिला ते पाहवले नाही. तिने परात मांडली.

"आना गं समद्या बाटल्या. पंगतीत एकीला तूप अन् एकीला नुसतं वरन? माझ्या घरात न्हाई चालायचं!"

गोळ्या परातीत ओतल्या, तिळगुळासारख्या कालवल्या, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या ओंजळीत सारख्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात गोजरबाईने ही हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. डॉक्टरीणबाई मटकन बाकावर बसल्या.

"अहो, माझा अभ्यास!"

"का वो, कमी पडल्या का कुनाला?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आता हे गाव हिशेबातून वगळावं लागणार. गोळ्याही बंद. पण मी येत राहीन."

"मंग मला जरा बरं वाटतंय, ते कशानं?"

"खरं सांगू? मला माहीत नाही."

हे उत्तर गोजरबाईला फार आवडले. आजवर प्रत्येकाने तिला ठासून काहीतरी सांगितले होते, आणि एकाचेही खरे ठरले नव्हते.

"एक मात्र ध्यानात ठेवा," बाई पुढे म्हणाल्या. "धडधड शिडी चढते, तशी उतरतेही. ती उतरेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही. पळालं, की ती पुढच्या वेळी आणखी चढते."

माघात बेलापूरहून निरोप आला. भीमाबाई गोठ्यात घसरली, हात मोडला, प्लास्टर घातले; आणि रतनचे दिवस भरले.

"मी कळवतो त्यांना," रंगनाथ म्हणाला. "तुला न्हाई जमायचं."

"गाठोडं काढा."

गाडी सुटली तशी छातीत धडधड सुरू झाली. गोजरबाईने समोरचा दांडा घट्ट धरला. "गाडी थांबवू का?" रंगनाथने विचारले.

"गप बसा. माळवदावर चढलीया. उतरंल आपल्या आपन."

"कोन चढलंय?" शेजारच्या बाईने घाबरून वर पाहिले. तेव्हा गोजरबाईने तिला शिडी समजावली. तिने मागच्या बाकाला समजावली. नेवाशापर्यंत साऱ्या गाडीला शिडी ठाऊक झाली होती.

"मावशी, आता कुठल्या पायरीवर?" प्रवरेच्या पुलावर कंडक्टरने विचारले.

"मधल्या! तुमी तिकिटं फाडा!"

बेलापूरच्या स्टँडवर ती स्वतःच्या पायांनी उतरली. रंगनाथ दुसऱ्या दिवशी गावी परतला आणि त्याच रात्री रतनला मुलगा झाला.

गोजरबाईने पदर खोचला. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातले, बाळंतिणीला शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, धुरीने घर भरून टाकले. रात्री कधी धडधड उठे. ती बाळाला मांडीवर घेऊन बसून राही आणि धडधड उतरून जाई. पाचवी झाली, बारसे झाले. "जा आता, तुझं घर वाट बघत आसंल," भीमाबाई म्हणाली. गोजरबाईने ऐकलेच नाही असे दाखवले.

सव्वा महिना पुरा झाला त्या सकाळी रंगनाथ तिला न्यायला आला. एकटी भिईल म्हणून पहाटेची पहिली गाडी धरून आला होता. भीमाबाईने प्लास्टरातून सुटलेल्या हाताने खण-नारळाची ओटी भरली, वहिनीच्या तोंडावरून हात फिरवला.

"फिटलं गं, गोजरे. समदं फिटलं."

गोजरबाई नणंदेच्या पाया पडली. ओटीचा नारळ सावरीत ती वळली आणि ताठ मानेने स्टँडच्या वाटेला लागली, आणि गाठोडे काखेत मारून रंगनाथ मागून हाका मारीत राहिला, "अगं थांब! मला येऊ दे की!"