बालवाडीतली झोप

"आज गोष्ट न्हाय, तरी समदी झोपली की!" दारातून मदतनीस बसव्वा हसली. "बाई, तुमच्या गोष्टीबिगरबी झोपत्यात बघा."

दाक्षायणीबाईंचा घसा बसला होता. सकाळपासून त्या खुणांनीच शिकवत होत्या. उन्हामुळे खिडक्या बंद होत्या. नव्या निळ्या फरशीवर बालवाडीची मुलं जागच्या जागी कलंडली होती, तळ्यात होड्या सोडून द्याव्यात तशी.

अक्कलकोट रोडवरच्या या शाळेत बाईंची हयात गेली. जुन्या खोलीत गोष्ट ऐकताना मुलं चुळबुळ करायची. होळीनंतर ही खोली मिळाली, गमने चिकटवलेल्या मऊ प्लास्टिकच्या फरशीची, आणि मुलं निम्म्या गोष्टीतच पेंगू लागली. निवृत्तीच्या वर्षी आपला आवाज पिकला, मुलांना झोपवण्याइतका गोड झाला, असं बाईंना वाटलं होतं. घरी जाताना त्या तो मनातल्या मनात ऐकायच्या.

आज आवाज नव्हता.

त्या खाली बसल्या. फरशीजवळ रंगाच्या डब्यासारखा गोडसर वास होता. त्यांनाही तरंगल्यासारखं झालं. भिंतीवरची चित्रं पाण्यात हलावीत तशी हलली. शेजारी झोपलेल्या भुवनेश्वरीनं डोळे अर्धवट उघडले. "बाई, डोकं दुखतंय. रोजच दुखतंय."

बाई उठल्या. खिडक्या भडाभड उघडल्या.

"बसव्वा, उचल पोरं! व्हरांड्यात!" बसलेल्या घशातून त्या कशाबशा ओरडल्या.

गोंधळ ऐकून मुख्याध्यापक प्रभुलिंग सर धावत आले. बाईंनी फरशीकडे बोट दाखवून नाक दाबलं. "अहो बाई, फरशी नवीन आहे, वास जाईल. उद्या देणगीदार यायचेत. मुलं किती शांत झोपतात, हेच सांगणार होतो मी!"

"सर, ती झोप माझी नव्हती." बाई भिंतीला टेकल्या. "गमची होती. फरशी उखडून, हवा तपासून घेईपर्यंत मी आत एकही मूल नेणार नाही."

"मग पाहुण्यांना दाखवू काय?"

"उघड्या खिडक्या दाखवा."

वाकून सरांनीही एक मूल उचललं.

व्हरांड्यातली शहाबादी फरशी खडबडीत होती. मुलं हळूहळू जागी झाली, पाणी प्यायली, भांडू लागली. बाईंनी घोगऱ्या आवाजात गोष्ट सुरू केली, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची. कुणी चिमटे काढत होतं, कुणी मुंग्या अडवत होतं. झोपलं कुणीच नाही. नीट ऐकू येईना म्हणून मुलं सरकत सरकत बाईंच्या गुडघ्यांना येऊन भिडली.

"मंग त्या गावातली माणसं कुटं गेली?" भुवनेश्वरीनं विचारलं.

नव्या खोलीत गोष्ट इथवर कधी आलीच नव्हती. बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि वरच्या माळावर दुसरं गाव कसं वसलं ते, थांबत थांबत, सांगू लागल्या.