कच्ची वही

महानंदा टीचरनी बोटाला थुंकी लावली आणि आलेखाच्या निळ्या रेषेवर घासली. प्रिंटरची शाई पसरते तशी रेष पसरली.

"छापलेलं आहे हे," त्या म्हणाल्या.

"हो मिस. घरी प्रिंटर आहे," सिद्धी म्हणाली.

चोराने आपण होऊन हो म्हटलं की पकडणाऱ्याची गंमतच जाते. टीचरना उलट राग आला. त्यांनी फाइल मिटली आणि पुन्हा उघडली. शाळेजवळच्या सारक्की वस्तीतल्या अकरा विहिरी, ऑक्टोबर ते डिसेंबर, दर रविवारी पाणी किती खाली गेलं त्याचं माप. अकरा रेषा, अकराही व्यवस्थित उतरत गेलेल्या. एक खाडाखोड नाही, एक डाग नाही. नववीतल्या पोरीच्या हातचं काम हे? टीचरना ते काही केल्या पटेना.

आता संशय घ्यायला कारण नव्हतं असं कोणी म्हणू नये. अठ्ठ्याण्णव साल सरत आलं होतं. जे. पी. नगरातल्या त्या शाळेत वर्षभरात नववीच्या डझनभर मुलांच्या घरी कॉम्प्युटर आले होते, आणि सगळा ज्ञानकोश मावणाऱ्या त्या चकचकीत सीड्या. गेल्याच महिन्यात शुभंकरने देवमाशावर दहा पानं लिहून आणली होती, मोत्यासारख्या अक्षरात. सातव्या पानावर तितक्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'आवाज ऐकण्यासाठी इथे क्लिक करा.' त्या दिवसापासून टीचरचा सुरेख अक्षरावरचाही विश्वास उडाला होता.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून एकच प्रकल्प जायचा. हे काम विद्यार्थ्याने स्वतः केलेलं आहे, अशी खाली टीचरची सही लागायची. मुदत सोमवारपर्यंत होती आणि आज शुक्रवार होता. सिद्धीखेरीज दुसरं कोणी पाठवण्याजोगं नव्हतं, हेही टीचरना माहीत होतं.

वर्गात त्या इंग्रजीतच बोलत. पण स्टाफरूममध्ये सिद्धी एकटी समोर असली की निपाणीचं मराठी आपसूक तोंडात येई, रागवायचं असलं की जास्तच.

"बाबांनी केलं होय हे?"

"नाही मिस. आलेख कसा काढायचा तेवढं बाबांनी दाखवलं."

"आणि आकडे? सीडीतनं उतरवलेस?"

"सीडीत सारक्की नाहीये, मिस."

उत्तर बिनतोड होतं. टीचरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"कच्ची वही कुठाय?"

"कच्ची वही नाहीये. घरी आले की लगेच कॉम्प्युटरमध्ये भरायचे."

"आणि विहिरीपासनं घरापर्यंत? डोक्यात ठेवायचीस?"

"हातावर लिहून आणायचे."

"हातावर! दाखव बघू हात."

सिद्धीने हात पुढे केला. हात स्वच्छ होता, नुकताच धुतल्यासारखा.

"हे बघ पोरी," टीचर म्हणाल्या, "मला शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. माणूस काम करतो तिथं चूक असतीच. एखादं माप चुकतं, शाई सांडते, खोडावं लागतं. तुझ्या फाइलीत औषधाला चूक नाही. कसा ठेवायचा विश्वास? सोमवारी कच्ची वही आण. नसली तर माझी सही नाही."

"पण मिस, मी खरंच..."

"कच्ची वही."

सिद्धीने चष्मा काढून स्कर्टला पुसला, पुन्हा लावला, फाइल उचलली आणि गेली.

सोमवारी ती वही घेऊन आली. कोपरे दुमडलेली, पुठ्ठा सैल झालेला. टीचर पानं उलटत गेल्या आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. कुठे निळी शाई, कुठे काळी, मध्येच पेन्सिल. बारा खोडून एकवीस केलेलं. एका पानावर पाणी सांडून आकडे फुटलेले. एका रविवारी नुसतंच 'ताप होता'. आणखी एका ठिकाणी, 'दोर तुटला, परत मोजले.'

"अगं, असं पाहिजे की!" टीचर म्हणाल्या. "हीच दाखवायची लाज वाटत होती होय? मग नाही कशाला म्हणालीस?"

"माळ्यावर राहिली होती, मिस. काल सापडली."

"तुम्ही पुण्याची माणसं म्हणजे सगळं इस्त्री करूनच बाहेर काढणार!"

सिद्धी हसली नाही. टीचरनी अर्जावर सही केली, खाली तारीख घातली. वरून आपल्या मनाने एक ओळही लिहिली की विद्यार्थिनीची कच्ची वही मी स्वतः तपासली आहे. दुपारी फाइल, वही, अर्ज सगळं एका पाकिटात घालून शिपाई जिल्ह्याच्या कचेरीत देऊन आला. टीचर त्या दिवशी भलत्याच खुशीत होत्या.

चार वाजता आया यल्लव्वा चहा घेऊन आली. ती गोकाकची, म्हणजे टीचरच्याच मुलखातली, आणि राहायला सारक्कीत.

"यल्लव्वा, आपल्या शाळेतनं यंदा तुझ्या सारक्कीच्या विहिरी गेल्या बघ प्रदर्शनात."

"अय्यो! मग ती चष्म्याची पोरगी असणार, अक्का. दर रविवारी यायची की, दोराला दगड बांधून. एकदा मोजून भागायचं नाही तिचं. तीन-तीनदा मोजायची. आम्ही हसायचो."

"आणि वहीत लिहायची," टीचर कौतुकाने म्हणाल्या.

"वही कुठली? हातावर लिवायची. हितनं हितपर्यंत." यल्लव्वाने मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "एका रविवारी तिचा हात भरला, तर माझ्या हातावर लिवलं. आणि मग मला धरून घरी नेलं. स्वल्पच लांब आहे म्हणाली. हात तसाच धरून बसले मी त्या मशिनपुढं! तिच्या आईनं कॉफी दिली."

टीचरनी चहाचा कप खाली ठेवला.

"मध्ये एक रविवार आली नसेल," त्या म्हणाल्या. "ताप होता तिला."

"छे हो! एक रविवार चुकवला नाही पोरीनं."

यल्लव्वा ट्रे घेऊन गेली. टीचरना फार लाज वाटली. फाइलीतलं एकूण एक माप खरं होतं, पोरीने उन्हातान्हात विहिरीत वाकून घेतलेलं. खोटी होती ती फक्त वही, आणि तपासली म्हणून सही केली होती ती त्या वहीवर. पाकीट तर केव्हाच गेलं होतं.

शाळा सुटल्यावर त्यांनी सिद्धीला बोलावून घेतलं.

"ती वही तू शनिवार-रविवारात बसून केलीस. होय ना?"

सिद्धीने मान खाली घातली. "हो मिस. तुम्ही आणायला सांगितलीत म्हणून."

"आणि त्या चुका गं?"

"माणसाच्या कामात चुका असतात म्हणालात ना. म्हणून कॉम्प्युटरवरचे आकडे समोर ठेवले आणि मधूनमधून चुकवत गेले. आईची तीन पेनं घेतली होती." ती थांबली. "आता पाठवणार नाही का?"

"पाठवलंय. ते जाऊ दे."

बावीस वर्षांत टीचरनी कुठल्याच विद्यार्थ्याची माफी मागितली नव्हती. कशी मागतात तेही त्यांना आठवेना.

"माझं चुकलं, पोरी," त्या शेवटी म्हणाल्या. "तू खरं सांगत होतीस. मी ऐकायला पाहिजे होतं."

सिद्धीने वर पाहिलं. ओरडा बसत नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला होता. ती टेबलाजवळ सरकली आणि अवघड गणितातली एखादी पायरी विचारावी तसं मन लावून विचारू लागली.

"मिस, कशावरून ओळखलंत? डाग जास्त झाले का?"