वस्तादासाठी रामेन

थंडी अशी होती की नळाचं पाणी हाताला चावत होतं. तरी सकाळी नऊच्या ठोक्याला ताई बाह्या वर सारून सिंकपाशी उभी राहिली आणि डुकराची हाडं घासून धुवायला लागली. तीन दिवस घरात बसून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हाताला काम लागलं तर डोक्यातलं चक्र थांबेल, असं तिला वाटलं होतं.

बांधकामावर तिला सगळे ‘वरच्या ताई’ म्हणायचे, कारण ती टॉवर क्रेन चालवायची. साठ मीटर उंचीवर, काचेच्या केबिनमध्ये एकटी. सकाळी शिडी चढली की ती खाली उतरायची ती संध्याकाळीच. अकरा वर्षं तिने हे काम केलं होतं आणि तिच्या हातून कधी कुणाला ओरखडाही उठला नव्हता. मंगळवारपर्यंत.

खाली भार बांधणाऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. सळ्या असोत की फळ्या, त्याने पट्टे आवळायचे, हुकात अडकवायचे, बाजूला व्हायचं आणि मग वॉकीटॉकीवर ‘उचला’ म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय ताईने काडीही हलवायची नाही, हा नियम. मंगळवारी जेवणाची वेळ टळून गेली होती, बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. वाकलेला वस्ताद सरळ झालेला तिला वरून दिसला आणि शब्द यायच्या आधीच तिचा हात पुढे गेला. सळ्यांचा भारा गरकन फिरला. वस्तादाचा पाय भारा आणि खांब यांच्यामध्ये सापडला. नडगीची दोन्ही हाडं मोडली, दोन बरगड्यांना तडे गेले.

त्याच दुपारी सुरक्षा अधिकाऱ्याने तिला विचारलं की इशारा मिळाला होता का. ती ‘हो’ म्हणाली. विचार करून म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. तो शब्द नुसता तोंडातून गळून पडला, आणि त्याने तो लिहून घेतला. चौकशी संपेपर्यंत घरी बसा, असं तिला सांगण्यात आलं. घरी तिने नवऱ्याला अपघात सांगितला, सासूबाईंनाही सांगितला. तो ‘हो’ मात्र कुणालाच सांगितला नाही.

आणि काल संध्याकाळी बांधकामावरचं कुणीतरी फोनवर म्हणालं की वस्तादाला दवाखान्यातलं जेवण घशाखाली उतरत नाही, दोन घास खातो आणि ताट सरकवतो. रात्रभर ताईला तेच दिसत राहिलं.

वस्ताद तरुणपणी दोन वर्षं एका रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्सच्या दुकानात, मागच्या स्वयंपाकघरात होता. वारा सुटला आणि क्रेन बंद ठेवावी लागली की तो वॉकीटॉकीवर खाण्याचंच बोलायचा. वर ताई कुडकुडत बसलेली, खाली तो शेकोटीपाशी, आणि मधल्या साठ मीटरांत त्याचं ते वर्णन. हाडांचा रस्सा कसा काढायचा, मांस किती वेळ शिजू द्यायचं, अंडं कोणत्या मिनिटाला बाहेर काढायचं. अशा चार-पाच रिकाम्या दुपारी मिळून त्याने तिला अख्खी कृती सांगितली होती आणि तिने ती क्रेनच्या तपासणीच्या छापील कागदामागे पेन्सिलीने उतरून घेतली होती. तो कागद आता तिने साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

हाडं एकदा उकळून ते पहिलं पाणी फेकून द्यायचं, असं त्यावर लिहिलं होतं. तिने फेकलं. हाडं पुन्हा घासली, मोठ्या पातेल्यात स्वच्छ पाण्यात सोडली, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि कांद्याची पात घातली आणि आच मंद केली. मग पोटाकडच्या मांसाचा चरबीसकट आणलेला लांबट तुकडा तिने गुंडाळला आणि सुतळीने बांधायला घेतला. पहिला वेढा सैल पडला. दुसऱ्या वेळी गाठ सुटली. अकरा वर्षं दुसऱ्याने बांधलेलं उचलणाऱ्या तिला साधी गाठ धड मारता येत नव्हती. सासूबाई टेबलाशी लसूण सोलत होत्या. त्यांनी तिच्या हातातून तो गोळा घेतला आणि चार वेढ्यांत पक्का बांधून दिला. टपाल खात्यात तीस वर्षं पार्सलं बांधण्यात गेली होती त्यांची.

मांस तव्यावर सगळ्या बाजूंनी तांबूस होईतो तिने परतलं. घरभर चरबीचा खमंग वास सुटला. मग सोया सॉस, साखर, लसूण, पाणी घालून ते जाड बुडाच्या भांड्यात झाकून ठेवलं. आता साडेतीन तास. दर अर्ध्या तासाने फक्त कूस बदलायची.

इथेच खरी पंचाईत झाली. परतायचं, घासायचं, चिरायचं होतं तोवर ठीक होतं. आता फक्त थांबायचं होतं, आणि थांबणं तिला जमेना. तिने मसाल्यांचं कपाट रिकामं करून पुसलं आणि पुन्हा लावलं. धुतलेले पडदे काढून पुन्हा धुवायला टाकले. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती तीन वेळा जिना उतरली आणि चढली. नूडल्स आणायला दुकानात गेली आणि अंडी घेऊन आली, ती तर घरात होतीच. पुन्हा जाऊन नूडल्स आणल्या. मधूनमधून येऊन झाकण उघडून बघायची.

“सारखं झाकण उघडलंस तर ते काय शिजणार,” सासूबाई म्हणाल्या. “ते भांडं आहे, आजारी माणूस नव्हे.”

ताई हसली नाही. सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा लसणात मान घातली.

बारा वाजून गेले होते. ताईने अंडी उकळत्या पाण्यात सोडली आणि घड्याळावर डोळे लावले. बरोबर साडेसहा मिनिटं, त्यावर एक क्षण नाही, असं वस्तादाने दोनदा बजावलं होतं. चौथ्या मिनिटाला फोन वाजला.

बांधकामावरचे साहेब होते, आणि भलतेच खुशीत होते. चौकशी आटोपली, म्हणाले. तुमच्यावर काही ठपका नाही. वस्तादाने स्वतःच जबानी दिली की इशारा त्यानेच दिला होता. म्हणजे दोघांचं म्हणणं जुळलं, प्रश्न मिटला. सोमवारपासून या कामावर.

ताईने विचारलं, वस्ताद असं म्हणाला? स्वतः? साहेब म्हणाले, हो तर, सही आहे त्याची.

फोन ठेवला तेव्हा अंडी दगड झाली होती. तिने ती काढून बाजूला ठेवली, दुसरं पाणी चढवलं आणि हातात झारा घेऊन तशीच उभी राहिली. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. वस्तादाने इशारा दिला नव्हता. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. मग तो असं का म्हणाला?

“चांगली बातमी आली की माणूस मटकन खाली बसतो,” सासूबाई म्हणाल्या. “तू उभी का?”

“वस्तादांना चार वाजता भेटता येतं,” ताई एवढंच म्हणाली.

पुढचे तास तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. मांसाची कूस बदलली. रश्श्यावरचा फेस काढला. दुसऱ्या खेपेची अंडी बर्फाच्या पाण्यात गार करून, सोलून सोया सॉसमध्ये बुडवून ठेवली. तीनच्या सुमाराला मांसात काडी घातली तर ती लोण्यात जावी तशी गेली. सुतळी सोडताना तुकडा मोडतो की काय असं वाटलं, पण मोडला नाही. तिने त्याच्या जाड चकत्या केल्या, रस्सा गाळून थर्मासमध्ये भरला. नूडल्स उकडून, गार पाण्यातून काढून, तेलाचं बोट लावून वेगळ्या डब्यात ठेवल्या. सासूबाईंनी न विचारता एक खोलगट वाडगा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला.

दवाखान्याच्या त्या दालनात आठ खाटा होत्या. वस्ताद खिडकीकडच्या खाटेवर होता, पाय प्लास्टरमध्ये, उशांवर उंच ठेवलेला. शेजारी त्याची बायको बसली होती. तिला ताई वहिनी म्हणायची, पण दोघींची भेट आजवर दोनदाच झाली होती. वहिनी उठली, खुर्ची मोकळी केली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

वस्तादाचा चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. पण ताईने वाडग्यात नूडल्स घालून वरून वाफाळता रस्सा ओतला, मांसाच्या दोन चकत्या आणि अर्धं अंडं ठेवलं, तेव्हा तो कोपरांवर भार देऊन उठला. आधी त्याने नुसता वास घेतला. मग खायला लागला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“तवंग जरा जास्त राहिला,” शेवटी तो म्हणाला. “फेस दोन वेळा काढायचा. पण मांस, ताई... मांस जमलं.”

ताईला धीर निघेना. तिने आवाज खाली आणून विचारलं, “तुम्ही असं का सांगितलंत?”

त्याने वाडग्यात काट्याने उगाच दोन वळसे घातले.

“मला विचारायला आले तेव्हा तुमचं उत्तर त्यांच्या कागदावर आधीच होतं. मी नाही म्हणालो असतो तर तुम्ही खोट्या ठरला असता. माझा पाय काय, तो मोडलाच होता.”

“पण मी खरंच खोटं बोलले.”

“घाबरलात,” तो म्हणाला. “अकरा वर्षांत एकदा. सोमवारी वर जा आणि हे डोक्यातून काढा. पाय जुळतो.”

तो पुन्हा खायला लागला. ताईला वाटलं, आपण हलकं व्हायला हवं, माणूस आपल्याला माफ करतो आहे. पण तसं होईना. रिकामा वाडगा घेऊन ती धुवायला बाहेर गेली. बाहेरच्या बेसिनशी वहिनी तिच्या मागोमाग आली.

“पाय जुळेल, ते खरं आहे,” वहिनी म्हणाली. तिने ताईकडे पाहिलं नाही, नळाकडे पाहत होती. “पण कागदावर असं आलंय की इशारा देऊन हे बाजूला झाले नाहीत. निष्काळजीपणा. यापुढे भार बांधायचं काम यांना कुणी देणार नाही. तुम्हाला हे सांगायचं नाही, असं मला बजावलंय त्यांनी.”

नळ चालूच होता. वहिनीने तिच्या हातातला वाडगा घेतला, धुतला, टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि आत निघून गेली.

ताई घरी गेली नाही. दवाखान्यापासून बांधकामापर्यंत वीस मिनिटांची वाट तिने जवळजवळ धावत कापली. साहेब कंटेनरमधल्या ऑफिसात मफलर गुंडाळून निघायच्याच बेतात होते. तिने पिशवी जमिनीवर ठेवली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. इशारा आला नव्हता. मी आधी उचललं. मंगळवारी मी खोटं सांगितलं आणि वस्तादांनी मला सांभाळून घेतलं.

साहेब आधी समजावणीच्या सुरात बोलले. प्रकरण मिटलं आहे, सगळे सुटले आहेत, आता कशाला उकरून काढता. ताई म्हणाली की सगळे सुटलेले नाहीत. मग ते चिडले. दोन खोट्या जबान्या म्हणजे दोघांवर आफत, हे तुम्हाला कळतंय का, त्यांनी विचारलं. तिला कळत होतं. तिने कोरा कागद मागितला आणि बसून लिहायला घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण एकही शब्द तिने खोडला नाही.

घरी परतल्यावर तिने नवऱ्याला आणि सासूबाईंना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मला आधी का नाही सांगितलंस, एवढंच नवरा म्हणाला. सासूबाईंनी उरलेला रस्सा गरम केला आणि तिघांनी तो खाल्ला. दगड झालेली अंडी सासूबाईंनी स्वतःच्या वाडग्यात घेतली.

पुढे झालं ते असं. ताईला सहा महिने क्रेनवरून खाली उतरवलं आणि चालकाची परीक्षा पुन्हा द्यायला लावली. वस्तादाला खोट्या जबानीबद्दल ताकीद मिळाली, पण निष्काळजीपणाचा शेरा रद्द झाला. तो पंधरा दिवस ताईवर रागावला होता. त्याच्या मते तिने त्याचा शब्द मोडला होता. मग कुणी न सांगता तो राग ओसरला, आणि फोनवर त्याने तिला विचारलं की फेस दोन वेळा काढलात का.

त्या सहा महिन्यांत ताईने खाली, गोदामात पट्टे तपासायचं काम केलं. वर भार जाताना खालून कसा दिसतो, ते तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक वेळी तिची मान आपोआप वर जायची आणि पाय दोन पावलं मागे.

वस्ताद आता काठीशिवाय चालतो, थंडीत थोडा लंगडतो. वहिनी मात्र ताईशी अजून मोजकंच बोलते. ताई घरी भेटायला गेली की ती पाण्याचा पेला आणून ठेवते आणि आत निघून जाते. ताई पाणी पिते, वस्तादाशी तासभर गप्पा मारते आणि उठते. याहून अधिक मागायचा आपल्याला हक्क नाही, हे तिने स्वतःला पुष्कळदा बजावलं आहे. तरी दर वेळी दार लागेपर्यंत ती पायरीवर थोडी रेंगाळते.