रोटातली माणसं आणि एक टेम्पोवाला

सुंदराबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही, हे सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांच्या लेकीला, आणि ती एम.टेक. करत होती.

हर्षदा म्हणजे गल्लीतली पहिली इंजिनीअर. बाप यंत्रमागाच्या कारखान्यात, आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणारी, आणि पोरगी रस्ता ओलांडणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी. संशोधनाला तिने घराजवळचाच मोठा रस्ता निवडला. कारण विचाराल तर सुंदराबाईंचं डावं मनगट. साड्यांचे गठ्ठे रस्त्यापलीकडून आणायचे आणि टिकल्या लावून परत न्यायचे, अशा बाईंच्या दिवसाला चार फेऱ्या. मागच्या दिवाळीआधी एका टेम्पोने डोक्यावरच्या गठ्ठ्याला धक्का दिला, बाई आडव्या झाल्या आणि मनगटात सळई बसली. गठ्ठ्यातल्या एकाही साडीला डाग लागला नाही, हे बाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. हर्षदाला मात्र ते ऐकवत नाही.

तिला तिथे उंच पट्टा हवा होता. म्हणजे रस्त्यावर जे पांढरे पट्टे आखलेले असतात ना, तेवढा भाग फूटपाथाइतका उंच करायचा. मग गाडीवाल्याची मर्जी असो वा नसो, गाडी हळू करावीच लागते. ती रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका साहेबांना जाऊन भेटली. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "बेन, माणसंच कशीही पळतात, त्याला रस्ता काय करणार? आकडे आणा. मग बघू."

आकडे आणायचे तर कॅमेरा लावायचा आणि किती माणसं थोडक्यात वाचली ते मोजायचं. कॉलेजात असा कॅमेरा एकच. तो हर्षदाच्या वाट्याला दोन आठवडे आला होता. नंतर दुसरा विद्यार्थी तो कामरेजच्या हायवेवर नेणार होता. तिचे गाईड जरीवाला सर पक्के सुरती, बोलायला गोड आणि कामाला कडक. ते म्हणाले, "लोकांना कळलं की कॅमेरा आहे, तर समज अभ्यास गेला."

म्हणून हर्षदाने शनिवारी संध्याकाळी रस्त्यालगत राहणाऱ्या कविताकाकूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या गोधडीआड कॅमेरा बांधला. काकूंना शपथ घातली आणि घरी येऊन आईलाही घातली.

"मी कोणलेच सांगसू नही," सुंदराबाई म्हणाल्या आणि वर गळ्याला हात लावला.

पण दुसरा दिवस नेमका कानबाईच्या रोटाचा! खानदेश सोडून सुरतेत पंचवीस वर्षं झाली, तरी श्रावणातला रोट कोणाला चुकलेला नाही. रोट म्हणजे कानबाईचा नैवेद्य, तो फक्त एका कुळातल्या भाऊबंदकीने खायचा, बाहेरच्याला त्यातला घास नाही. आणि सुंदराबाईंची भाऊबंदकी म्हणजे तीन गल्ल्या मिळून छप्पन्न घरं. पंगत बसली, गंगाफळाची भाजी वाढली गेली, आणि एका जावेने सहज विचारलं, "हर्षु काय करस आते?"

बस्स. बाईंनी पळी खाली ठेवली.

नंतर लेकीने जाब विचारला तेव्हा बाईंनाच नवल वाटलं. "ज्यासनासंगे रोट खातस त्यासनापासून लपाडू का माय?"

पण हे सगळं उघड झालं पुढच्या शनिवारी. तोवर सात दिवसांचं चित्रण घेऊन हर्षदा मोठ्या तोऱ्यात जरीवाला सरांपुढे जाऊन बसली. सरांनी लॅपटॉप उघडला. रविवारी सगळे रोटाच्या पंगतीत, रस्त्यावर कोणीच उतरलं नाही. सोमवार सकाळ. कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक, दीडशे माणसं, आणि काय शिस्त! रस्त्याच्या कडेला सगळी थांबली, आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं, आणि दोघा-दोघांच्या रांगेने पट्ट्यांवरून पार गेली. मंगळवारीही तेच. बुधवारी बायका नव्या साड्या नेसून भाजी आणायला निघाल्या. गुरुवारी एक म्हातारा पट्ट्यांच्या मधोमध थांबला, गोधडीकडे बघून हात जोडले आणि पुढे गेला. शुक्रवारपासून हर्षदाचे मोठे बाबा, म्हणजे तिच्या बापाचे थोरले भाऊ शालिग्राम, खांद्यावरचा टॉवेल हलवत वाहतूकच अडवायला लागले.

थोडक्यात वाचलेली माणसं: शून्य.

सरांनी चष्मा काढला. "हर्षदा, आ गोडादरा छे के जापान?"

हर्षदाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शून्य आकडा घेऊन साहेबांकडे गेली असती तर ते म्हणाले असते, पट्टा कशाला, इथे तर सगळं सुखरूप आहे! घरी आली ती तणतणतच. आई रडली. मग कविताकाकू रडल्या, त्यांनी तर कोणाला सांगितलंही नव्हतं. शेवटी हर्षदाने हात जोडून सांगितलं, "एक आठवडा उरलाय. सगळ्यांना सांग, रोज चालता तसं चाला. जसे आहात तसे."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. सुंदराबाईंनी निरोप दिला तो असा की, नीट चाललो तर पोरीचं शिक्षण बुडतं, तेव्हा जरा वाईट चाला. आता वाईट चालायचं तर किती, हे कोण ठरवणार? ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवलं. बायका रस्त्याच्या मधोमध थांबून गप्पा मारू लागल्या. एकाने तर डिव्हायडरवर बसून वडापाव खाल्ला. आणि शालिग्रामबाबा! त्यांना तरुणपणी गावच्या तमाशात काम करायची हौस होती, ती वडिलांनी पुरी होऊ दिली नव्हती. ती हौस बाबांनी साठाव्या वर्षी, भर रस्त्यात, फुकट भागवून घेतली. रिक्षा वीस हात लांब असतानाच ते छातीवर हात ठेवून कोसळायचे. रिक्षावाले उतरून पाणी पाजायचे.

हर्षदा गॅलरीत बसून कपाळ बडवून घेत होती. एक आठवडा खोट्या शहाणपणाचा, दुसरा खोट्या वेडेपणाचा, आणि दोन्ही कचऱ्यात टाकायच्या लायकीचे. त्यात शुक्रवार उजाडला. संध्याकाळी कॅमेरा परत करायचा होता.

अकराच्या सुमाराला बाबा पुन्हा रस्त्यात उतरले. आज शेवटचा दिवस, म्हणून खेळही मोठा. ते पलीकडच्या बाजूला डिव्हायडरला टेकून चक्क आडवे झाले आणि एक हात त्यांनी रस्त्यावर टाकला.

"बाबा! उठा!" हर्षदा वरून ओरडली. बाबांनी अभिनय आणखी वाढवला.

मग तिला राहवलं नाही. गॅलरीतून निघाली ती तीन मजले दोन-दोन पायऱ्या उतरत खाली, आणि तशीच सरळ रस्त्यात. पट्टे वीस पावलांवर होते. कोण जातं तिकडे! डिव्हायडरची जाळी जिथे तुटली होती तिकडे ती धावली. ना उजवीकडे पाहिलं, ना डावीकडे.

ब्रेकचा असा आवाज झाला की अख्खी गल्ली बाहेर आली. टेम्पो तिच्यापासून वीतभर अंतरावर उभा होता. तिची एक चप्पल चाकाखाली गेली होती. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, तो पांढराफटक पडला होता. "मॅडम, पढ़ी-लिखी लगती हो!"

शालिग्रामबाबा ताडकन उठून बसले होते. "हर्षु," ते पांढऱ्या पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "पट्टा तठे शेतस ना!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. दोन आठवड्यांच्या चित्रणात थोडक्यात वाचलेलं खरंखुरं माणूस एकच निघालं, आणि ते संशोधक स्वतः. वेग आणि अंतर मांडून हर्षदाने हिशेब केला. ड्रायव्हरने ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला असता तर खेळ खलास.

दुपारी ते चित्रण बघताना मागून सुंदराबाई आल्या. बघायला नको म्हणेपर्यंत त्यांनी बघितलं होतं. पडद्यावरची पोरगी धावली, टेम्पो आला, पोरगी वाचली. बाई तिच्या शेजारी खाली बसल्या. हर्षदाला एकदम रडू आलं, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली.

"चूक माझीच होती गं. मी पट्ट्यांवरून नाही गेले."

सुंदराबाई सळईवाल्या हाताने तिचे केस सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुनी चूक, ते ठीक. पन तो इतला जोरमा का इना? पहिला हप्ताले आपन बठ्ठा पट्टावरथीन गऊत. त्या टेम्पोवालाले कोणी सांगेल व्हतं का?"

हर्षदाचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. सांगायला कोण जाणार होतं! टेम्पोवाला काही रोटाच्या पंगतीला नव्हता. रिक्षावाले नव्हते, ट्रकवाले नव्हते. छप्पन्न घरांना कॅमेरा माहीत होता, पण गाड्यांना नव्हता. म्हणजे माणसांचं चालणं खोटं असेल, गाड्यांचं धावणं मात्र शंभर टक्के खरं होतं!

तिने दुसरा आठवडा बाजूला सारला आणि पहिला पुन्हा मोजायला घेतला. पट्ट्यांपाशी नियमाने, रांगेत, गाडी थांबायची वाट बघत उभी राहिलेली माणसं दोन हजार तीनशे अकरा. त्यांच्यासाठी थांबलेल्या गाड्या सात. त्यातल्या पाच शालिग्रामबाबांच्या टॉवेलला थांबल्या, एक पंक्चर होती, आणि एक कविताकाकूंचा जावई चालवत होता.

जरीवाला सरांनी तो तक्ता तीनदा वाचला. लोकांना कॅमेरा कसा आणि कोणाकडून कळला, ते सगळं खरं खरं लिहायला लावलं, रोटासकट. मग ते स्वतः तिच्यासोबत साहेबांकडे गेले.

साहेबांनी चित्रण बघायला घेतलं. ते पळणारी माणसं शोधत होते, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. एकही सापडेना. पडद्यावर बायका नव्या साड्यांत पट्ट्यांपाशी उभ्या होत्या, एका मिनिटावर दुसरं मिनिट गेलं, गाड्या सुसाट चालल्या होत्या, आणि बायका उभ्याच होत्या.

"लोक तर नीट उभे आहेत," साहेब अखेर म्हणाले.

"हो सर," हर्षदा म्हणाली.

साहेबांचा चहा गार झाला होता. त्यांनी शेवटची चित्रफीत लावली आणि दचकून मागे सरले. "अरे! अन् ही कोण अक्कलशून्य?"

हर्षदाने एकदा सरांकडे पाहिलं. सर छताकडे बघत होते.

"मी, सर. आमच्या इथे पट्ट्यांवरून न गेलेली मी एकटीच."

साहेबांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग उंच पट्ट्याचा अर्ज पुढे ओढून त्यावर सही केली.

माघात उंच पट्टा तयार झाला. शालिग्रामबाबांनी नारळ फोडला. हर्षदा थीसिस जमा करून आली ती तडक तिथेच, काखेत फाईल, पायात नवी चप्पल. सुंदराबाई डोक्यावर गठ्ठा घेऊन कडेला उभ्या होत्या. समोरून टेम्पो आला, उंचवट्यापाशी कुरकुरला आणि हळू झाला. बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि डावा हात हर्षदापुढे केला.

"आई, मी एम.टेक. आहे," हर्षदा म्हणाली.

"म्हणीसनच," सुंदराबाई म्हणाल्या. "मना हात धर. तुनं काही खरं नही."

हर्षदाने हात मनगटाशी धरला. बोटांना आत सळई लागत होती. पलीकडच्या फूटपाथावर पोचेपर्यंत तिने तो सोडला नाही.