दारावरचे बैल

आषाढ नुकता लागला होता. जानेफळच्या पुंजाजीची बैलबंडी ओढ्याच्या उतारावर कलंडली आणि त्याच्या उजव्या पायाची नडगी मोडली. बैलांना खरचटलंसुद्धा नाही. लाख्या आणि बादल जोखडातून सुटून चार पावलं पुढे गेले आणि मालक का उठत नाही म्हणून मागे वळून बघत उभे राहिले. हे सांगताना पुंजाजीच्या आवाजात दुखण्यापेक्षा बैलांचं कौतुकच जास्त असे. मोगलाईच्या हद्दीतून एक हाडवैद्य आणला. त्याने पाय ओढून बसवला, बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधला आणि बजावलं, पोळ्यापर्यंत हा पाय जमिनीला टेकायचा नाही.

पुंजाजी चाळिशी ओलांडलेला गडी. उन्हं वर आल्यावर घरात बसणं त्याला ठाऊक नव्हतं. आता त्याची बायको तानुबाई सकाळीच तण निंदायला जाई, तिचा भाऊ रामराव सुलतानपूरहून येऊन राहिला होता, तो पिकाच्या ओळींतून डवरा हाकी, आणि पुंजाजी ओसरीवर बाजेवर पडून आढ्याची लाकडं मोजत बसे. सारी गल्ली शेतात गेलेली. चार दिवसांत तो इतका चिडखोर झाला, की भाकरी गार लागली तरी भांडे आणि गरम लागली तरी भांडे.

पाचव्या दिवशी शेजारच्या मेहबूब दर्जीची म्हातारी आई, अजीजुन्निसा, भिंतीला हात लावत लावत ओसरीवर आली. सारं गाव तिला खाला म्हणे. पुंजाजी लहान असताना त्याची पहिली बंडी तिनेच शिवली होती, म्हणजे अंगात घालायची.

"पुंजा, मले एवढी सुई ओवून दे बरं," ती म्हणाली.

"काऊन खाला? डोळ्याले काय झालं?"

"डोळ्याले काई नाई झालं. सुईचं नेढं लहान झालं."

पुंजाजीच्या बोटांत नांगराची मूठ मावे, सुई मावेना. दोनदा दोरा चुकला, तिसऱ्यांदा गेला. खाला गेली, आणि घटकाभराने परत आली. त्या दिवशी ती चार वेळा आली. दुसऱ्या दिवशी सातव्यांदा आली तेव्हा पुंजाजी म्हणाला, "खाला, हेलपाटे कायले घालता? इथंच बसा ना."

मग तिने खरं काय ते सांगितलं. तिची नात, मुलीची मुलगी खुर्शीदा, बुलढाण्याला नांदत होती. तिथल्या नव्या घराच्या दाराला नानीच्या हातचंच पोपटांचं तोरण हवं, असा तिचा निरोप होता. पण रमजानपासून खालाला दाराचा उजेड तेवढा दिसे, बाकी सारं धुकं. बोटांना सवय होती, त्यामुळे शिवणं जमे. सुईत दोरा मात्र जाईना. सुनेला सांगावं तर ती मेहबूबला सांगणार, आणि मेहबूब सुई-कात्री उचलून पेटीत ठेवणार. "साठ वरसं शिवलं मी," खाला म्हणाली. "हातात सुई नसली तं हे हात ठेवू कुठी?"

पुंजाजीला ते लगेच समजलं. हात ठेवायला त्यालाही जागा नव्हती.

असा दोघांचा कारखाना सुरू झाला. मेहबूबच्या दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं खाला घेऊन येई. पोपटाच्या आकाराचे दोन तुकडे कापायचे, कडेने शिवायचे, पोटात सरकी काढलेला कापूस भरायचा आणि तोंड बंद करून चोचीला लाल चिंधी लावायची. पुंजाजी दोरा ओवी आणि रंग सांगे. पण कापड कोणाचं, ते खालाच सांगे. चिंधी बोटांत चोळली की तिला कळे. "हे तुह्या दोस्ताच्या, शेषरावच्या कोटाचं अस्तर. हा पाटलिणीच्या चोळीचा खण. अन् हे मामलेदाराच्या कारकुनाचं, दोनदा उसवून शिवलं तरी त्याले तंगच होत होतं."

एका दुपारी हिरव्या चिंध्या संपल्या. पुंजाजीने गुपचूप लाल तुकडा तिच्या हातात ठेवला.

"हिरवाच हाय ना?"

"हाव. हिरवागार."

खालाने तुकडा चोळला. "हे खुर्शीदाच्या लग्नातल्या ओढणीचं साटीन हाय. लाल. तू मले आंधळी समजतो का?"

पुंजाजी ओशाळला. मग खालाचेच खांदे हलू लागले, आणि दोघं इतकी हसली की बाज करकरली आणि मोडक्या पायातून कळ गेली, तरी पुंजाजीचं हसू थांबेना. त्या तोरणात एक लाल पोपट तसाच राहिला.

बघता बघता त्याचा हात चालू लागला, खालाने कापलेल्या पोपटांच्या कडाही तो शिवू लागला. एक दिवस खाला पेंगत होती, तेव्हा त्याने स्वतःच कापून एक पोपट शिवला आणि ती जागी झाल्यावर मोठ्या आशेने तिच्या हातात दिला. खालाने तो वरून खालून चाचपला.

"हे काय हाय?"

"पोपट."

"बेटा, तू पोपट कदी पाह्यला होता का?"

पुंजाजी विचारात पडला. खरं म्हणजे नव्हता पाहिला. जवारीच्या कणसांवर बसलेल्या थव्याला गोफण मारली होती, पण पोपट कसा बसतो, मान कशी वळवतो, हे कधी नीट बघितलंच नव्हतं. "बैल पाह्यले मी," तो म्हणाला.

"मंग बैल शिव."

आणि त्याने बैल शिवला. जुन्या मांजरपाटाचा, पांढरा. वशिंड कुठे चढतं, गळ्याखालची पोळी कशी लोंबते, शेपटाचा गोंडा कुठवर येतो, हे त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. टाके मात्र वेडेवाकडे, एक गव्हाएवढा तर एक बोराएवढा. पण शिंगं बसवून त्याने तो बैल बाजेच्या उशाशी उभा केला. दिवसभर तो पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होता. कोणाची चाहूल लागली की मात्र सारं गोधडीखाली जाई. गड्याने सुई धरायची म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं.

शेषराव हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. मनाने सोन्यासारखा, पण पोटात काही राहत नसे. एका दुपारी तो तंबाखू मळत आला आणि सवयीने धपकन बाजेवर बसला. बसला तसाच ताडकन उठला.

"काय हाय बे हे?" त्याने मागे हात नेऊन सुई काढली. मग गोधडी उचलली. खाली अर्धा पोपट, दोन बैल, कात्री आणि कापसाचा ढीग. "पुंजा, हे कोनाचं हाय?"

खाला भिंतीशी बसली होती. तिचे हात मांडीवर एकदम थांबले. पुंजाजीने तिच्याकडे बघितलं. खालाचं आहे, तिला दिसत नाही म्हणून मी दोरा ओवून देतो, एवढं म्हटलं की तो सुटत होता. पण तासाभरात ते मेहबूबच्या दुकानात पोचलं असतं.

"माहं हाय," पुंजाजी म्हणाला. "मी शिवून राह्यलो. खाला मले शिकवून राह्यली."

शेषरावने सुई परत बाजेवर ठेवली. मग तंबाखू तोंडात टाकायचीही विसरून चावडीकडे निघाला.

तो गेल्यावर खाला हळूच म्हणाली, "खरं सांगून द्याचं होतं ना. आता लोक हसतील तुले."

"हसू द्या. पडल्या पडल्या मलेही कोनाचा तरी आवाज ऐकू येईल."

लोक हसलेच. संध्याकाळपर्यंत त्याचा दर्जीमामा झाला. कोणी वाटेवरून माप घ्यायला बोलावलं, कोणी फाटकं धोतर पाठवून दिलं. पुंजाजीने ते धोतर शिवून परत पाठवलं, तेव्हा हसणारे थोडे गप्प झाले.

तानुबाईला ही बातमी बांधावरच कळली. ती घरी आली, पायांचा चिखल न धुताच ओसरीवर उभी राहिली. "मी दिवसभर कंबर मोडून निंदून राह्यली, अन् तुमी इथं बाहुल्या करून राह्यले?"

पुंजाजीने पांढरा बैल तिच्या हातात दिला. तानुबाईने तो उलटसुलट केला. उजेडाकडे नेला. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"हा तं बादल हाय."

"कशावरून?"

"डावा कान पडेल हाय ना त्याचा." ती बाजेच्या कडेला टेकली. "मंग लाख्या कुठी हाय? जोडीशिवाय एकटा बैल काऊन केला?"

लाख्या निघाला गोधडीखालून. तिने दोन्ही बैल मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि दाराकडे बघत म्हणाली, "माह्या हातानं कदी टाका सरळ पडला नाई. मायनं शिकवलं, सासूनं शिकवलं, काई जमलं नाई. लोकाच्या दाराले तोरणं, चिमण्या, पोपट. आपलं दार माह्या लग्नापासून तसंच हाय. बाया येत, बघत, बोलत नसत."

"मले कदी बोलली नाई तू."

"बोलून काय? तुमी शिवनार होते का?"

पुंजाजीने सुई उचलली.

दोन दिवसांनी मेहबूब स्वतः आला. आई घरी झोपली आहे हे बघूनच आला होता. त्याने पुंजाजीपुढे एक मोठं गाठोडं ठेवलं. आत हिरवं, लाल, पिवळं, पांढरं, प्रत्येक रंग वेगळ्या पुरचुंडीत बांधलेला.

"पुंजाभाऊ, अम्मीच्या तोरणात दोन हातांचे टाके हायत," तो म्हणाला. "मी दर्जी हाव. एक हात टाका मोजून घालते, दुसरा नांगराच्या तासात चालल्यावानी लांबलांब जाते. तिले दिसत नाई, हे मले रमजानपासून माहीत हाय. चहात साखर समजून मीठ टाकलं होतं तिनं."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तिचं सुख कायले मोडू? तुमीही बोलू नका, मले माहीत हाय म्हनून."

पुंजाजीने मान हलवली. मायलेकांची दोन गुपितं आता त्याच्या एकट्याच्या पोटात होती, आणि पळून जायला पाय धड नव्हता.

अकरा पोपटांचं तोरण मधे मधे मणी ओवून बुलढाण्याला गेलं. तिकडून खुर्शीदाचा निरोप आला, की शेजारणी बघायला येतात आणि नानीचा हात अजून होता तसाच आहे. खाला दिवसभर खुशीत होती.

"खाला, त्यातले अर्धे टाके माहे हायत," पुंजाजी म्हणाला.

"अर्धे नाई. तीन पोपट. अन् त्यांची तोंडं तिनं भिंतीकडं फिरवली असतील."

मग राहिलं पुंजाजीच्या दाराचं काम. श्रावणभर ते चाललं. लाख्या-बादल झाले, पण दार मोठं होतं. तेव्हा त्याला वाटलं, या घरात आजवर राबलेल्या साऱ्याच जोड्या कराव्यात. लाख्या-बादलच्या आधीची, तिच्याही आधीची, मग बापाच्या हातची. अशा पाच जोड्या झाल्या. कोणाला आखूड शिंगं, कोणाच्या कपाळावर चांदवा. वैद्याने कामट्या सोडल्या तेव्हा पुंजाजीने पाय हलवून बघितला आणि पुन्हा उरलेल्या बैलाची शेपटी शिवायला घेतली.

पोळ्याच्या सकाळी तानुबाईने अंगण सारवलं. दाराला तोरण चढवायच्या आधी पुंजाजीने ते खालाच्या ओंजळीत दिलं. खालाने एकेक बैल बोटांनी बघितला. घाई केली नाही. "हा मारका होता," एका ठिकाणी ती म्हणाली. "मान खाली घातली हाय यानं." पुंजाजीने बघितलं, खरंच त्या बैलाची मान खाली होती, आणि तो मारकाच होता.

तानुबाई तिसऱ्या जोडीपाशी थांबली. दोन्ही बैल काळसर, एकाच्या शेपटीला पांढरा गोंडा. "हे मले आनाले आले होते," ती म्हणाली. "लग्नात, सुलतानपूरहून. वाटभर मी या गोंड्याकडंच बघत बसली होती. वर बघाची लाज वाटे." आणि पदराने डोळे पुसत ती स्वतःच हसली.

मेहबूबने शिडीवर चढून तोरण बांधलं. खाली उतरून आईला म्हणाला, "अम्मी, पाह्य कसं दिसते."

"लई झ्याक दिसते," खाला दाराच्या उजेडाकडे तोंड करून म्हणाली. तो शिडी परत ठेवायला गेला तशी ती पुंजाजीकडे वळून पुटपुटली, "त्याले वाटते, त्याले ठाऊक हाय हे मले ठाऊक नाई. चिंध्या रंगरंगानं बांधून देते बिचारा. राहू दे. त्याले बरं वाटते."

पुंजाजीने तिच्याकडे बघितलं आणि तोंडावर उपरणं धरून हसू दाबलं.

दुपारनंतर रामराव सजवलेले लाख्या-बादल घेऊन पोळा फुटल्यावर दारात आला. पुंजाजी काठी टेकत उंबऱ्यावर आला आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभा राहिला. तानुबाईने बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. गल्लीतल्या बाया आल्या त्या बैलांकडे बघायच्या आधी वरच बघू लागल्या. "हे कोनी केलं?" एका नव्या सुनेने विचारलं. तानुबाईने सरळ पुंजाजीकडे बोट दाखवलं, आणि ती जोडी कोणती, ही कोणती, हे ती स्वतःच सांगत सुटली. सांगता सांगता जेवायची वेळ टळली.

गर्दी पांगल्यावर शेषराव जवळ आला. इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला.

"पुंजा, आमच्या बाच्या वेळची एक जोडी होती. तुले आठवत असंन. एकाचं शिंग मोडेल होतं." तो जमिनीकडे बघत थांबला. "आमच्या दाराले... म्हनजे घरची म्हनत होती."

पुंजाजीने काठी भिंतीला टेकवली आणि ओट्यावर बसत विचारलं, "शिंग कोनतं मोडेल होतं? डावं का उजवं?"