नजीराच्या नाकातला खडा

"ही गुहा कुठली म्हणायची?" नजीरानं टीव्हीकडं बघत विचारलं.

"बोलू नका मावशी, नळी हलतेय. गुहा कसली, तुमचं नाक आहे ते," डॉक्टर संयोगिता म्हणाल्या.

त्यांच्या हातातली बारीक नळी नजीराच्या उजव्या नाकपुडीत होती आणि नळीच्या टोकाचा कॅमेरा आतलं सगळं समोरच्या पडद्यावर दाखवत होता. लालबुंद ओल्या भिंती आणि त्यांच्यामध्ये रुतून बसलेला एक काळपट, खरबरीत खडा. साठीला टेकलेल्या बाईला आपल्या नाकात दगड आहे हे टीव्हीवर कळावं, याला हसावं की भ्यावं तेच तिला समजेना.

"ह्यो कवा शिरला आत?" नळी बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"लहानपणी तुम्हीच काहीतरी घातलं असणार. शरीराला ते बाहेर टाकता आलं नाही, म्हणून त्यानं त्याच्यावर थरावर थर चढवले आणि खडा केला. तुम्हाला जो घाण वास येतो ना, तो ह्याच्यामागं साठून कुजलेल्या शेंबडाचा."

नजीरानं मान हलवली, पण तिला ते पटायला वेळ लागला. कारण तो वास कशाचा, हे कोल्हापुरातल्या तिच्या मोहल्ल्यात सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

नजीरा मयत झालेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची. सासू करायची ते काम सासूमागं तिच्याकडं आलं. तिच्या जवळ बसलं की एक कुजका भपकारा यायचा. मयताचा वास बाईच्या अंगात मुरलाय, असं लोक म्हणायचे आणि लग्नाकार्यात तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. तिलाही तेच खरं वाटायचं. हा वास परकर घालून हुंदडायच्या वयापासून आपल्या नाकात आहे, हे तिनं कधी ताडूनच पाहिलं नव्हतं. जगाला असाच वास असतो, अशी तिची समजूत होती.

त्याचा एक फायदा मात्र होता. ज्या खोलीत पाऊल टाकायला सख्खी माणसं कचरायची, तिथं नजीरा सरळ आत जायची. विहिरीतून काढलेली, उसाच्या फडात सापडलेली, मेलेली बाई कशीही असो, तिला काही जाणवायचं नाही. नजीराचाची येतीय म्हटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. शेजारची जागा रिकामी ठेवणारेच तिला बोलवायला गाडी घेऊन यायचे, आणि तेवढ्या मानावर ती खूश होती.

पण गेल्या महिन्यात एका म्हातारीला कफन नेसवताना ती वाकली आणि तिच्या नाकातून रक्ताचा थेंब पांढऱ्या कापडावर पडला. कापड बदलावं लागलं. लोकांनी लांब बसणं तिनं आयुष्यभर सोसलं होतं, पण आपल्यामुळं कुणाचं कफन डागाळावं हे तिला सोसवेना. दुसऱ्याच दिवशी तिनं दवाखाना गाठला.

भूल देऊन खडा काढला. तो तुकड्यांत निघाला, आणि आत होता एक चिंचोका. काळवंडलेला, पण बघताक्षणी ओळखू येणारा. डॉक्टरीणबाई स्वतःच त्याच्याकडं बघत बसल्या.

"पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या.

नजीराला तो घालताना आठवत नव्हता. चिंचोक्यांनी खेळायचं वय कुणाला आठवतंय? अंगानं मात्र तेव्हापासून न बोलता, न थांबता त्याच्याभोवती भिंत बांधली होती. आपल्या नकळत आपल्याच आत एवढं काम चाललं होतं, या विचारानं तिच्या अंगावर काटा आला.

"रोज मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवा," डॉक्टर म्हणाल्या. "खड्यानं मधला पडदा ढकलला होता, म्हणून दुसरी बाजूपण बंद झाली होती. सूज उतरली की वास यायला लागेल."

"वास तर आदीपास्नं येतुयाच की."

"तो आतला. आता बाहेरचा येईल, मावशी."

आणि तो आला. एका सकाळी नजीरा चहाचा कप तोंडाला लावणार, तोच थबकली.

"च्यात काय घातलंसा?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आलं. रोज घालतो त्येच," अल्लाउद्दीन म्हणाला. तो गाद्या भरायचा, आणि सकाळचा चहा लग्नापासून त्याच्याकडंच होता.

नजीरानं कपावर नाक धरलं ते चहा गार होईपर्यंत. मग उठून तिनं नवऱ्याच्या शर्टात तोंड खुपसलं. कापूस, घाम, उन्हात तापलेलं कापड. एवढ्या वर्षांच्या नवऱ्याला वास आहे हे तिला आज कळत होतं.

"ह्या वयात काय चाळं लावलंस," अल्लाउद्दीन लाजून मागं सरकला, पण फार नाही.

त्या आठवड्यात ती गावभर हिंडली. शेजारच्या आक्कांनी चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि हिला शिंकांनी बेजार केलं, तरी ही दारातून हलेना. गंगावेशीला म्हशी पिळत होते तिथं ती उभी राहिली, तर गवळी म्हणाला, "काय पायजे, मावशी?" काय पाहिजे ते तिला सांगता येईना. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपांपुढं मात्र तिला रडूच कोसळलं.

"एवढं समदं हितंच हुतं?" घरी येऊन तिनं अल्लाउद्दीनला विचारलं.

मग एकदा सुक्या बोंबलाच्या पाटीजवळून जाताना ती भर रस्त्यात ओकली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. बोंबील सोसवेना, तर मयत कसं सोसायचं?

"सोड आता त्ये काम," अल्लाउद्दीन म्हणाला. "सबिना करंल."

सबिना म्हणजे नजीराची भाची, आंघोळीच्या वेळी पाणी ओतायला सोबत असायची. तिनं हात जोडले. "न्हाय खाला. मी पाणी वततो तेवढंच. मला न्हाय जमायचं."

आणि आठ दिवसांत कुरुंदवाडहून फोन आला. हलीमाबी म्हणून एकटी राहणारी म्हातारी गेली होती. मुलगा झिशान पुण्यात नोकरीला. दोन दिवस दार उघडलं नाही तेव्हा लोकांनी फोडलं. गावातल्या बायका उंबऱ्यापर्यंत जाऊन परतल्या होत्या.

नजीरा गेली. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. पण अंगणातच त्या वासानं तिला गाठलं आणि तिचे पाय थांबले. सबिना मागं एकावर एक दोन मास्क लावून उभी होती. झिशान पायरीवर बसला होता, रुमाल नाकावर घट्ट धरून, मान खाली.

हे असं असतं होय, नजीराच्या मनात आलं. यालाच घाबरून लोक लांब बसायचे. थोडाफार असाच वास माझ्या तोंडाला यायचा. आणि तिला एकदम अल्लाउद्दीन आठवला. लग्न झाल्यापासून तो तिच्या शेजारी झोपत होता. कधी कूस बदलून झोपला नाही. कधी एका शब्दानं बोलला नाही. रोज सकाळी चहा करून तिच्याजवळ बसून प्यायला. तिचे डोळे भरून आले. एवढं मोठं काही आपल्या घरात होतं आणि ते आपल्याला दिसलंच नाही, या आश्चर्यानं ती क्षणभर तशीच उभी राहिली.

मग पदर खोचून ती आत गेली.

दोनदा तिला खिडकीशी जाऊन श्वास घ्यावा लागला. पण हात घाईला आले नाहीत. घासायचं नव्हतं, कातडी सुटली असती, म्हणून तिनं नुसतं पाणी सोडलं, हळूहळू, आणि लहान मुलीशी बोलावं तसं ती हलीमाबीशी बोलत राहिली. केसांपाशी आल्यावर सबिना तांब्या खाली ठेवायला लागली. नजीरानं तिचा हात धरला आणि दोघींनी मिळून पाणी ओतलं.

आंघोळ झाली, कफन नेसवून झालं. नजीरा बाहेर आली तेव्हा झिशान उठला. रुमाल अजून तसाच होता.

"चाची," त्यानं विचारलं. "अम्मीला लई वास येत हुता का?"

मयताचं जे दिसतं ते बाहेर सांगायचं नसतं, हे सासूनं तिला सांगितलं होतं. आजवर ते पाळायला तिला कधी कष्ट पडले नव्हते.

"कसला वास?" ती म्हणाली. "काय न्हाय रं बाळा. जा, भेटून ये जा आईला."

झिशाननं रुमाल खिशात ठेवला आणि तो आत गेला.